चकचकीत रंगीत धातूची अक्षरं: आधी प्रतिबिंब, मग रंग

स्टीलचा एक चमचा घ्या, खिडकीपाशी उभे राहा आणि चमच्याची पाठ नीट निरखा. चमचा राखाडी असतो असं आपण सहज म्हणून जातो, पण तो राखाडी रंग त्याच्यावर शोधायला गेलात तर फारसा सापडत नाही. खिडकीची एक पांढरीशुभ्र पट्टी दिसते. तिला अगदी खेटून जवळजवळ काळी पट्टी असते, ती खिडकीशेजारच्या अंधाऱ्या भिंतीची. मग पुन्हा थोडा उजेड, आणि कडेला तुमच्याच कपड्यांचा रंग. चमचा जरा कलता केला की सगळ्या पट्ट्या पळू लागतात. घासूनपुसून लख्ख केलेल्या धातूचं हेच गुपित आहे. समोर जे असेल ते तो वाकवून, ताणून परत दाखवतो.

नवशिक्यांची सोनेरी-चंदेरी अक्षरं फसतात ती नेमकी इथे. मी शिकत होते तेव्हा अक्षरांत पिवळा रंग भरायचे, वर पांढरे ठिपके द्यायचे, आणि अक्षरं दिसायची पिवळ्या प्लास्टिकची. कित्येक दिवस मी पिवळ्याच्या छटाच बदलत बसले. पण चूक छटेत नव्हती. त्या अक्षरांमध्ये कशाचंच प्रतिबिंब नव्हतं. म्हणून खालची सगळी कृती एकाच क्रमावर उभी आहे. धातू आधी काळ्या-पांढऱ्यात घडवायचा, तो धातू वाटेपर्यंत रंगाला हात लावायचा नाही, आणि रंग अगदी शेवटी चढवायचा.

मी इथे गिंप हा चित्रांवर काम करायचा प्रोग्राम वापरते आहे, कारण तो मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालतो. २०१८ साली आलेली २.१० किंवा त्यानंतरची कुठलीही आवृत्ती चालेल. फोटोशॉपवाल्यांसाठी पुढे वेगळं सांगितलंय.

फाइल उघडताना घ्यायची एक काळजी

नवी फाइल २००० बाय १००० पिक्सेलची घ्या. त्याच खिडकीत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडा आणि प्रिसिजन ८ बिटवरून १६ बिट इंटिजरवर न्या. बाकी काही बदलू नका.

ही पायरी वगळायचा मोह होतो, कारण त्या क्षणी पडद्यावर काहीच फरक दिसत नाही. फरक नंतर दिसतो. ८ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त २५६ पायऱ्या असतात, १६ बिटमध्ये ६५,५३६. आपण पुढे एक मंद राखाडी उतार घेणार आहोत आणि कर्व्हने, म्हणजे उजेड-काळोख बदलणाऱ्या एका वाकड्या रेघेने, तो जोरात ताणणार आहोत. ५०० पिक्सेल उंच अक्षरात जर राखाडीच्या जेमतेम ७५-७६ पायऱ्या असतील तर प्रत्येक पायरी सहा-सात पिक्सेल रुंद होते. ती ताणली की नकाशावरच्या समोच्च रेषांसारख्या पट्ट्या उमटतात, आणि त्या नंतर कितीही ब्लर, म्हणजे धूसर, केल्या तरी धड जात नाहीत. १६ बिट घेतलं की हा प्रश्नच येत नाही.

आणखी एक सोय. १६ बिटच्या फाइलमध्ये कर्व्ह्जच्या खिडकीतले आकडे ० ते १०० मध्ये दिसतात. म्हणून इथे राखाडीचे आणि रंगांचे सगळे आकडे मी टक्क्यांतच दिले आहेत.

अक्षर निवडणं

जाड अक्षर घ्या. बारीक रेघेवर प्रतिबिंबाला पसरायला जागाच मिळत नाही. देवनागरीत बलू किंवा मुक्ता या फॉन्टांची सर्वांत जाड वजनं चांगली चालतात. आपल्या लिपीचा एक फायदा इथे हाती लागतो. शिरोरेखा म्हणजे आडवी घातलेली धातूची पट्टीच, आणि तिच्यावर सलग धावणारी चकाकी फार देखणी दिसते. अडचण येते ती मात्रा, रफार आणि जोडाक्षरांच्या चिंचोळ्या फटींमध्ये. तिथे उतार एकमेकांत मिसळतात आणि गिचमिड होते. पहिल्या सरावासाठी 'कमल', 'नभ', 'जल' असे मात्रा नसलेले दोन-तीन अक्षरी शब्द घ्या.

अक्षराची उंची साधारण ५०० पिक्सेल ठेवा. एका उभ्या दांड्याची जाडी ९० पिक्सेलच्या आसपास आली तर पुढचे आकडे जसेच्या तसे लागू पडतील. दांडा बारीक असेल तर ब्लर त्याच प्रमाणात कमी करा. मोठ्या ब्लरचा आकडा दांड्याच्या जाडीच्या सुमारे आठव्या भागाइतका, असा माझा अंदाज असतो.

उंचीचा नकाशा

अक्षराला फुगवटा हवा, तर कुठला भाग किती वर आहे हे संगणकाला कळायला हवं. त्यासाठी एक काळा-पांढरा लेयर, म्हणजे चित्रातला स्वतंत्र थर, लागतो. पांढरं म्हणजे उंच, काळं म्हणजे खोल.

नवा लेयर घ्या, त्याला 'उंची' नाव द्या आणि तो काळ्याने भरा. अक्षरांच्या लेयरवर उजवी क्लिक करून अल्फा टू सिलेक्शन निवडा. अक्षरांभोवती सिलेक्शन आलं की पुन्हा 'उंची' लेयरवर या आणि सिलेक्शन पांढऱ्याने भरा. मग सिलेक्ट मेनूतून नन करून सिलेक्शन काढून टाका. हे राहून गेलं तर ब्लर कडेबाहेर पसरणार नाही आणि उतार अर्धवट होतील.

आता 'उंची'ची एक प्रत काढा. खालच्या प्रतीला गॉशियन ब्लर १२ द्या, वरच्या प्रतीला ३. वरच्या प्रतीची ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, ५० करा आणि मर्ज डाउनने दोन्ही एक करा. बहुतेक ठिकाणी एकाच ब्लरवर काम उरकायला सांगतात, पण माझं मत ठाम आहे की दोन हवेतच. मोठ्या ब्लरमुळे अक्षराचं पोट गोलसर होतं, लहान ब्लरमुळे कड धारदार राहते. फक्त मोठा ब्लर दिला तर अक्षर साबणाच्या वापरून झिजलेल्या वडीसारखं दिसतं. फक्त लहान दिला तर पत्र्यातून कापल्यासारखं सपाट. साच्यातून काढून मग पॉलिश केलेल्या वस्तूत हे दोन्ही गुण एकत्र असतात.

राखाडी उतार आणि बंप मॅप

आणखी एक लेयर घ्या, नाव 'धातू'. तो एकाच राखाडीने भरू नका. अक्षरांच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत ग्रेडियंट ओढा: वर ६५ टक्के उजळ राखाडी, खाली ३५ टक्के. दिसायला अगदी मिळमिळीत दिसेल. दिसू द्या, पुढे सगळं काम हाच उतार करणार आहे.

आता फिल्टर्स मेनूत मॅप, आणि त्यात बंप मॅप. हा उंचीच्या नकाशावरून उजेड-सावली पाडतो. ऑक्स इनपुटच्या चौकोनावर क्लिक करून 'उंची' लेयर निवडा. ॲझिमथ १३५ राहू द्या, म्हणजे उजेड वर डावीकडून येतो. एलेव्हेशन ४५ च्या आसपास. डेप्थ २५ ते ४० च्या दरम्यान डोळ्यांनी ठरवा. कॉम्पेन्सेट फॉर डार्कनिंग चालू ठेवा, नाहीतर सगळंच चित्र काळवंडेल.

पडद्यावर आता चिकणमातीत उठवल्यासारखी अक्षरं दिसतील. चमक कुठेच नाही. अनेकजण इथे हिरमुसतात आणि ब्राइटनेस वाढवायला जातात. तसं करू नका. फक्त १.५ चा हलका गॉशियन ब्लर द्या, म्हणजे उतारांवरची बारीक खरखर निघून जाईल. आत्ता न दिसणारी खरखर पुढच्या पायरीत कित्येक पट होऊन समोर येते.

कर्व्ह: मातीचा धातू होतो तो क्षण

'धातू' लेयरची प्रत काढून मूळ लेयरच्या नावाशेजारचा डोळा बंद करा, म्हणजे तो दिसेनासा होईल. कर्व्ह फसला तर परत यायला जागा राहते. २०२५ साली आलेल्या गिंप ३.० मध्ये फिल्टर लेयरवर तसाच टिकतो आणि नंतर बदलता येतो, तरी प्रत ठेवायची सवय चांगलीच.

कलर्स मेनूतून कर्व्ह्ज उघडा. वर व्हॅल्यू चॅनल निवडलेला असेल. तिरपी सरळ रेघ दिसेल. तिच्यावर क्लिक करून चार बिंदू बसवा: २४ वर उंची ७८, ४४ वर १०, ५२ वर ९२, ७० वर ३०. दोन्ही टोकं ० आणि १०० वर आहेत तशीच ठेवा. रेघ आता दोन डोंगर आणि दोन दऱ्यांची होईल, आणि अक्षरं एकदम पालटतील.

काय घडलं ते समजून घ्या, म्हणजे आकडे पाठ करावे लागणार नाहीत. साध्या उजेड-सावलीत एक नियम असतो: पृष्ठभाग उजेडाकडे जितका वळेल तितका तो उजळ. मातीचं, कागदाचं, भिंतीचं असंच असतं. चकचकीत धातू हा नियम पाळत नाही. त्याचा पृष्ठभाग थोडा वळला की तो खोलीतली वेगळीच वस्तू दाखवू लागतो. आधी खिडकी, लगेच भिंत, मग दिवा. म्हणून त्याच्यावर उजेड आणि काळोख आलटूनपालटून येतात. डोंगर-दऱ्यांचा कर्व्ह नेमकं हेच करतो. मंद चढत जाणारा राखाडी रंग तो उजेड, काळोख, उजेड, काळोख असा मोडतो.

अक्षरांच्या सपाट भागावर बघा. मध्याच्या थोडं वर एक झळझळीत आडवा पट्टा आला असेल आणि मध्याच्या खाली गडद पट्टा. ते आपण घेतलेल्या मिळमिळीत उताराचं फळ आहे. मोकळ्या माळावर ठेवलेल्या आरशासारख्या वस्तूत क्षितिज असंच दिसतं: वर उजळ आकाश, खाली गडद जमीन. उतार न घेता एकच राखाडी भरला असता तर अक्षरांच्या फक्त कडा चमकल्या असत्या आणि पोटं मेलेली राहिली असती.

आता ४४ आणि ५२ वरचे दोन बिंदू जवळ आणून बघा, मग लांब नेऊन बघा. जवळ आणले की उजेडातून काळोखात उडी एकदम पडते आणि धातू आरशासारखा लख्ख होतो. लांब नेले की उडी सैल पडते आणि तोच धातू मंद झळाळीचा, सॅटिन पॉलिशचा वाटू लागतो. या लेखातला सर्वांत जास्त वेळ इथे द्या. या दोन बिंदूंवर मी अजूनही अर्धा-अर्धा तास रमते.

समाधान झालं की ओके करा. चित्र अजून काळं-पांढरंच आहे, पण हे क्रोम आहे असं कुणीही ओळखेल. ओळखलं नाही तर रंगाकडे जाऊ नका. मागे फिरा, आधी ब्लर तपासा, मग कर्व्ह.

रंग चढवणं

पहिला विचार येतो तो कलराइझचा. तो एकच रंग सगळीकडे सारखा फासतो, आणि सोन्याचा घात इथेच होतो.

सोनं निळा प्रकाश बराचसा शोषतं आणि लाल जवळपास सगळा परत पाठवतं. त्रिमिती चित्रणात सोन्याच्या परावर्तनासाठी सर्रास वापरले जाणारे आकडे लाल १.००, हिरवा ०.७१, निळा ०.२९ असे आहेत. आता खोबणीत काय होतं ते बघा. तिथे प्रकाश सोन्याच्या एका भिंतीवर आपटतो, तिथून दुसऱ्या भिंतीवर आणि मग आपल्या डोळ्यांत येतो. दोनदा आपटला म्हणजे आकडे दोनदा गुणले गेले: लाल १.००, हिरवा ०.५०, निळा ०.०८. पिवळ्याचा नारिंगी झाला. म्हणून खऱ्या सोन्याच्या खोलगट जागा नारिंगी, तांबूस, पुढे तपकिरी होत जातात. पिवळ्यात काळं मिसळून त्या जागा रंगवल्या की त्या मळकट, हिरवट दिसतात, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी खोटं आहे हे कळतं.

हे साधायला पुन्हा कर्व्ह्जच लागतो. आधीच्या कर्व्हमध्ये हे मिसळू नका, प्रत काढून वेगळा फेरा करा. या वेळी व्हॅल्यूऐवजी एकेक रंगाचा चॅनल निवडायचा. प्रत्येक चॅनलवर मधोमध, म्हणजे ५० वर, एक बिंदू बसवायचा आणि तो वर-खाली करायचा. मग वरचं उजवं टोक गरजेपुरतं खाली ओढायचं.

सोन्यासाठी: लाल चॅनलचा मधला बिंदू ६५ वर, टोक १०० वरच. हिरव्याचा मधला ४८, टोक ९५. निळ्याचा मधला २०, टोक ७४.

तांब्यासाठी: लाल ६८ आणि टोक १००, हिरवा ३७ आणि टोक ८६, निळा २९ आणि टोक ७८.

काळी जागा काळीच राहते, मधले टोन भरपूर रंग घेतात आणि सावल्या आपोआप तांबूस होतात. टोकं खाली ओढण्यामागे महत्त्वाचं कारण आहे. पिवळ्या प्लास्टिकवरची चकाकी पांढरी असते, कारण ती वरच्यावर परतलेल्या प्रकाशाची असते आणि रंग आतल्या थरातून येतो. सोन्या-तांब्यात आत-बाहेर असा भेदच नाही. प्रकाश पृष्ठभागावरूनच परततो आणि परतताना रंग घेऊन येतो. त्यामुळे सोन्याची चकाकी फिकट सोनेरी, तांब्याची फिकट गुलाबी-नारिंगी. एवढी एक गोष्ट सांभाळलीत तरी तुमची अक्षरं प्लास्टिकपासून दूर जातील.

निळा, लाल, जांभळा असा धातू हवा असेल तर हिशेब थोडा वेगळा. निसर्गात निळंशार ॲल्युमिनियम नसतं. ॲनोडायझिंग करून त्यावर ऑक्साइडचा सच्छिद्र थर वाढवतात, त्या छिद्रांत रंग मुरवतात आणि मग ती छिद्रं बंद करतात. प्रकाश या रंगीत थरातून आत जातो, खालच्या धातूवर आपटून परततो आणि रंगीत होतो. त्यातला थोडासा मात्र थराच्या वरच्या बाजूवरूनच बिनरंगी परततो. म्हणून अशा धातूची सर्वांत तीव्र चकाकी पांढऱ्याच्या जवळ गेली तरी ती खरी वाटते. निळ्यासाठी लाल चॅनलचा मधला बिंदू १० आणि टोक ८८, हिरवा ३७ आणि ९५, निळा ७८ आणि १००. लालभडक हवा तर लाल ७५ आणि १००, हिरवा ८ आणि ८५, निळा १४ आणि ८७.

टायटेनियमची गोष्ट आणखी न्यारी. त्यात रंग मुरवतच नाहीत. ऑक्साइडच्या अतिपातळ थरात प्रकाशलहरी एकमेकींना भिडतात आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग उमटतो, जसा साबणाच्या फुग्यावर. थर जाड होत जाईल तसा आधी पिवळसर तपकिरी, मग जांभळा, मग निळा. हा परिणाम हवा असेल तर क्रोमच्या वर एक लेयर घेऊन याच क्रमाने तीन रंगांचा तिरपा ग्रेडियंट ओढा, लेयरचा मोड एलसीएच कलर करा आणि ओपॅसिटी ६० च्या आसपास ठेवा. मला स्वतःला सगळ्या रंगीत धातूंत हाच सर्वांत सुंदर वाटतो.

कापणं आणि बसवणं

अक्षरांबाहेरचं सगळं अजून चित्रात आहे. अक्षरांच्या लेयरवरून पुन्हा अल्फा टू सिलेक्शन घ्या, रंगीत लेयरवर उजवी क्लिक करून ॲड लेयर मास्क (नको तो भाग झाकणारा मुखवटा) निवडा आणि त्यात सिलेक्शन हा पर्याय घ्या. खाली गडद पार्श्वभूमी द्या. टायटेनियमचा ग्रेडियंट वेगळ्या लेयरवर असेल तर त्यालाही असाच मास्क लावा. मग सिलेक्शन काढून टाका, अक्षरांच्या लेयरची एक प्रत रंगीत लेयरच्या खाली, पार्श्वभूमीच्या वर आणा आणि तिला फिल्टर्समधल्या लाइट अँड शॅडोमधून ड्रॉप शॅडो द्या. सावली खाली उजवीकडे पडू द्या, कारण आपला उजेड वर डावीकडून आहे.

यानंतर एक पायरी अशी आहे जी फार थोडे लोक करतात. पार्श्वभूमीचा रंग घ्या, सर्वांत वर नव्या लेयरवर मऊ मोठ्या ब्रशने अक्षरांच्या खालच्या भागावर तो रंग फिरवा, लेयरला अक्षरांचाच मास्क लावा, मोड सॉफ्ट लाइट आणि ओपॅसिटी २० ठेवा. पार्श्वभूमी गर्द हिरवी असेल तर सोन्याच्या पोटात किंचित हिरवं झळकायला हवं. चमच्यात तुमचे कपडे दिसले होते, तसंच. एवढ्यानं अक्षरं वरून चिकटवल्यासारखी न दिसता त्या जागीच ठेवलेली वाटतात.

चांदणीसारखे चमकते ठिपके द्यायचेच असतील तर एक किंवा दोन, आणि तेही कर्व्हने जिथे आधीच सर्वांत उजळ केलंय तिथेच.

फोटोशॉपमध्ये

तर्क तोच. फाइल १६ बिट करा, लेयर स्टाइलमध्ये बेव्हल अँड एम्बॉस घ्या आणि त्यातल्या ग्लॉस कंटूरवर क्लिक करा. तिथे उघडणारी रेघ म्हणजे आपला डोंगर-दऱ्यांचा कर्व्हच आहे. राखाडी उताराचं काम ग्रेडियंट ओव्हरले करतं. रंगासाठी वर ग्रेडियंट मॅप किंवा कर्व्ह्जचा ॲडजस्टमेंट लेयर ठेवा.

काही बिघडलं तर

पट्ट्या-पट्ट्या दिसत असतील तर फाइल ८ बिटमध्ये सुरू झाली आहे. नंतर १६ बिट करून गेलेल्या पायऱ्या परत येत नाहीत, 'धातू' लेयर नव्यानं करावा लागतो. कडांवर वाळूसारखी रवाळ खरखर असेल तर कर्व्हच्या आधीचा १.५ चा ब्लर राहून गेला. जोडाक्षरांत गिचमिड झाली तर मोठा ब्लर १२ वरून ८ वर आणा. आणि सगळं बरोबर असूनही निर्जीव वाटत असेल तर बहुतेक वेळा पुरेसं काळंच नसतं. झळाळी वाढवायला नवशिके पांढरं वाढवत जातात, पण पांढऱ्याला खेटून काळं असेल तरच ते झळकतं. ४४ वरचा बिंदू आणखी खाली ओढून बघा.

जपून ठेवायला गिंपची स्वतःची एक्ससीएफ फाइल, बाहेर द्यायला पीएनजी. जेपेगमध्ये गडद भागातल्या मऊ छटांवर चौकोनी ठोकळे उमटतात. आणि कर्व्ह्जच्या खिडकीत वर प्रीसेटच्या ओळीत अधिकचं चिन्ह असतं. त्याने क्रोमचा कर्व्ह आणि सोन्याचा कर्व्ह वेगवेगळ्या नावांनी साठवून ठेवा. पुढच्या शब्दाला ते तसेच लावता येतील. राखाडी उतार मात्र दर वेळी त्या अक्षरांच्या उंचीला मापून नव्यानंच ओढा, नाहीतर क्षितिजाचा पट्टा शिरोरेखेत जाऊन अडकतो.